विषय: शनिवारचा ‘डेव्ही क्रॉकेट’ आणि सभागृहाची बदललेली वेळ

प्रेषक: कार्यवाह

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

सभागृहाच्या व्यवस्थापनाने काल कळवल्यानुसार शनिवारी आपल्याला नेहमीप्रमाणे साडेआठपर्यंत नव्हे, तर रात्री आठपर्यंतच जागा मिळणार आहे. जेवण आटोपून पावणेसातला चित्रपट सुरू केला आणि खुर्च्या रचण्यासाठी थोडा वेळ राखून ठेवला, तर आपल्या हाती जेमतेम तासभर उरतो. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी शिकारी, सैनिक आणि लोकप्रतिनिधी डेव्ही क्रॉकेट याच्यावरचा ‘डेव्ही क्रॉकेट, किंग ऑफ द वाइल्ड फ्रंटियर’ हा चित्रपट मात्र 93 मिनिटांचा आहे.

सुदैवाने तो मुळात एकसंध चित्रपट म्हणून तयार झालेला नाही. एबीसी वाहिनीवर डिसेंबर 1954 ते फेब्रुवारी 1955 या काळात दाखवलेले तीन भाग जोडून डिस्नेने तो मे 1955 मध्ये चित्रपटगृहांत आणला. त्यामुळे क्रीक युद्ध (क्रीक या आदिवासी जमातीशी झालेले), काँग्रेस (अमेरिकेची संसद) आणि ॲलामो (टेक्सासमधल्या किल्ल्याचा वेढा) असे तीन तुकडे सहज वेगळे करता येतात. मुलांना संसदेतील भाषणे कंटाळवाणी वाटतील, म्हणून मधला तुकडा वगळावा असे मला वाटते. गुरुवारपर्यंत मते कळवावीत.

प्रेषक: शाळा समन्वयक

नमस्कार.

वगळायचेच असेल तर पहिला तुकडा वगळावा. मधल्याला हात लावू नये, अशी शाळेच्या वतीने विनंती आहे. क्रॉकेट टेनेसीतून 1827 मध्ये काँग्रेसवर निवडून गेला आणि 1830 मध्ये आदिवासी जमातींना मिसिसिपीच्या पश्चिमेला घालवून देणाऱ्या कायद्याला त्याने विरोध केला. तो कायदा प्रतिनिधिगृहात 102 विरुद्ध 97 मतांनी मंजूर झाला आणि टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी विरोधात मत देणारा तो एकटाच होता. ज्याच्या हाताखाली तो लढला, तो अँड्र्यू जॅक्सन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मताची किंमत कळते. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत तो पडला.

चित्रपटात हा प्रसंग बराच सोपा करून दाखवला आहे. जॅक्सनचे लोक त्याला व्याख्यानांच्या दौऱ्यावर गुंतवून ठेवतात, मित्र येऊन खबर देतो आणि हा घोडा दामटत येऊन भाषण ठोकतो. तरीही, 1955 साली लहान मुलांसाठी केलेल्या चित्रपटात नायकाचे सर्वांत मोठे शौर्य सभागृहात उभे राहून ‘नाही’ म्हणण्यात दाखवावे, ही साधी गोष्ट नाही. पाचवी ते आठवीच्या मुलांना या वर्षी शाळेतही हाच इतिहास आहे.

प्रेषक: नाना (माजी अध्यक्ष)

समन्वयक ताईंच्या अभ्यासाबद्दल आदर राखून सांगतो, की पहिला तुकडा वगळणे म्हणजे चित्रपटाचा जीव काढून घेणे होय. अगदी सुरुवातीला मेजर नॉर्टन क्रॉकेटला शोधत येतो, तेव्हा त्याचा मित्र जॉर्ज रसेल शांतपणे सांगतो की डेव्ही झुडपात एका अस्वलाकडे पाहून हसत आहे, त्याला हसूनच नमवणार आहे. मेजरच्या बोलण्याने अस्वल बिथरते, क्रॉकेट सुरा काढून झुडपात शिरतो आणि आपल्याला दिसतात त्या फक्त हलणाऱ्या फांद्या. फेस पार्कर हा उंचपुरा नट तोवर फारसा कोणाला ठाऊक नव्हता. या एका प्रसंगाने प्रेक्षकाला तो आपला वाटू लागतो.

मी ह्यूस्टनला नोकरीस लागलो तेव्हा माझे वरिष्ठ, एरवी अत्यंत गंभीर गृहस्थ, टेबलाच्या खणात लहानपणची, क्रॉकेटसारखी रॅकून या प्राण्याच्या कातड्याची शेपटीवाली टोपी जपून ठेवत असत आणि शुक्रवारी संध्याकाळी चित्रपटातले डेव्हीचे गाणे गुणगुणत असत. त्यांना काँग्रेसमधले भाषण आठवत नव्हते. अस्वल आठवत होते. शनिवारी मुलांना तशा टोप्या द्याव्यात, असे मी एप्रिलच्या बैठकीत सुचवले होते. त्याचे पुढे काय झाले?

प्रेषक: खजिनदार

टोप्यांविषयी: एप्रिलच्या बैठकीत असा ठराव झालेला नाही, केवळ चर्चा झाली होती. 1955 मध्ये या टोप्यांच्या वेडापायी रॅकूनच्या कातड्याचा भाव पौंडाला 25 सेंटांवरून 8 डॉलरांवर गेला असे सांगतात. आपल्या ताळेबंदाला आज नकली केसांच्या टोप्याही परवडणार नाहीत. शिवाय मुलांसाठी काही वाटायचे असल्यास ते शाळेच्या खात्यातून होते, सर्वसाधारण निधीतून नव्हे.

आणखी एक बाब. आपण घेतलेल्या परवान्याच्या पत्रात चित्रपट आहे तसा, संपूर्ण दाखवावा, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

प्रेषक: शाळा समन्वयक

टोप्यांचा खर्च शाळेच्या माथी मारू नये. आपल्या खात्यात पुस्तकांपुरतेच पैसे आहेत.

नानांनी अस्वलाचे वर्णन सुंदर केले, परंतु अस्वलानंतर काय येते तेही पाहावे. क्रीकांच्या टॅलशॅची या गावी नोव्हेंबर 1813 मध्ये जे घडले, त्याबद्दल क्रॉकेटने स्वतः 1834 च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. आत माणसे असलेले घर सैनिकांनी पेटवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या तळघरात सापडलेले, आगीत शिजलेले बटाटे भुकेल्या सैनिकांनी खाल्ले. चित्रपटात यातले काही नाही. तिथे रेड स्टिक नावाचा एक सरदार आहे, त्याच्याशी क्रॉकेट कुऱ्हाडीने द्वंद्व खेळतो, त्याला जीवदान देतो आणि तह होतो. प्रत्यक्षात रेड स्टिक हे क्रीकांमधल्या एका संपूर्ण गटाचे नाव होते. युद्धाचे असे कुस्तीत रूपांतर केलेले तीस मिनिटे मुलांनी पाहावे आणि त्याच माणसाने पुढे कोणाच्या बाजूने मत दिले ते पाहू नये, हे मला पटत नाही.

प्रेषक: टेनेसीहून नव्याने आलेल्या वहिनी

सर्वांना नमस्कार. चर्चा तुकड्यांची चालली आहे याची कल्पना आहे, परंतु मुले चित्रपटातले जे डेव्हीचे गाणे बसवत आहेत त्याबद्दल एक सांगावेसे वाटते. त्यात डेव्हीचा जन्म डोंगरमाथ्यावर झाल्याचे म्हटले आहे. आम्ही त्याचे जन्मस्थान पाहिले आहे. ते नॉलिचकी नदीच्या अगदी काठावर, सखल जागेत आहे. लाकडी ओंडक्यांची प्रतिकृती म्हणून बांधलेली छोटी खोली आहे आणि आजूबाजूला लोक निवांत गळ टाकून बसलेले असतात. मुलांना हे सांगितले तर गंमत वाटेल. गाणे मात्र बदलू नये. माझी मुलगी त्यात पहिल्या रांगेत आहे.

प्रेषक: रविवारच्या सहलीचे संयोजक

शेवटचा तुकडाच वगळावा, हे कोणालाच कसे सुचले नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी आपली बस सॅन अँटोनियोला ॲलामोवरच जाणार आहे. तिथे मुले खरी भिंत पाहतील, 23 फेब्रुवारी ते 6 मार्च 1836 या तेरा दिवसांच्या वेढ्याची माहिती ऐकतील; मग आदल्या रात्री स्टुडिओतली भिंत कशाला दाखवायची? चित्रपटात तर क्रॉकेटचा मृत्यूही दिसत नाही. बंदूक उलटी धरून तो पायऱ्यांवर सैनिकांना झोडपत राहतो आणि पडद्यावर निशाण येते. वेढा घालणाऱ्या मेक्सिकोच्या सांता ॲना या सेनापतीच्या सैन्यातील दे ला पेन्या या अधिकाऱ्याच्या आठवणींप्रमाणे क्रॉकेट जिवंत पकडला गेला आणि नंतर त्याला ठार करण्यात आले. त्यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. मेक्सिकोने 1829 मध्ये गुलामगिरी बंद केली होती आणि टेक्सासमधल्या वसाहतवाल्यांना ती हवी होती, हेही चित्रपट सांगत नाही. हे सगळे बसमध्ये समजावून सांगण्याची माझी तयारी आहे.

प्रेषक: नाना (माजी अध्यक्ष)

संयोजकांनी बसमध्ये अवश्य सांगावे. मागच्या सहलीत त्यांनी काय काय सांगितले ते सर्वांच्या लक्षात आहे. परंतु ॲलामोशिवाय क्रॉकेट दाखवणे म्हणजे पानिपतापर्यंत न जाता सदाशिवरावभाऊंची बखर मिटवण्यासारखे आहे. पहिला भाग प्रसारित झाला तेव्हा डिस्नेकडे तिसऱ्याचे चित्रीकरण सुरू होते आणि नायकाला मारून टाकण्याचे काम शांतपणे चालले होते. मग देशभर एवढी धामधूम उडाली की त्यांना आणखी भाग करावेच लागले, आणि मेलेला नायक परत कसा आणणार म्हणून कथा मागच्या काळात न्यावी लागली. तेच 1956 मध्ये ‘रिव्हर पायरेट्स’ या नावाने चित्रपटगृहांत आले. आणखी एक: दूरचित्रवाणीवर हे सारे कृष्णधवल दिसले, पण चित्रीकरण रंगीत होते. मोठ्या पडद्यावर पाहण्याचे खरे कारण ते रंग आहेत, आणि मुलांना ते तिन्ही तुकड्यांत दिसले पाहिजेत.

प्रेषक: खजिनदार

माझ्या मागील पत्राचा दुसरा परिच्छेद कोणी वाचला आहे काय?

प्रेषक: कार्यवाह

वाचला. परवान्याची अट पाहता कोणताही तुकडा वगळता येणार नाही, म्हणून क्रम बदलत आहे. सभागृह आपल्याकडे दुपारी चारपासून आहे. चित्रपट बरोबर साडेपाचला सुरू होईल, संपूर्ण दाखवला जाईल आणि जेवण त्यानंतर सव्वासातला मिळेल. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मंडळींना ॲलामो पाहता येणार नाही, त्याबद्दल क्षमस्व. त्यांना रविवारी बसमध्ये पुढच्या जागा देण्यात येतील. पहिला भाग संपल्यावर दिवे लावून शाळा समन्वयक पाच मिनिटे क्रीक युद्धाविषयी बोलतील. टोप्यांचा विषय पुढील बैठकीत घेऊ.

प्रेषक: नाना (माजी अध्यक्ष)

व्यवस्था मान्य आहे. पाच मिनिटे म्हणजे पाचच, ही ताईंना नम्र विनंती. आणि अस्वलाचा प्रसंग अगदी पहिल्या काही मिनिटांतच असल्याने पालकांनी मुलांना सव्वापाचला आणून बसवावे.