कॅव्हर्नच्या आधीचं तळघर

लिव्हरपूलमध्ये एकच दिवस हाताशी असेल तर बीटल्ससाठी, ते जिथे वाजवायचे तो कॅव्हर्न क्लब आणि त्यांच्या गाण्यातला पेनी लेन हा रस्ता पुरे, असं कुणी म्हणेल. माझं मात्र आग्रहाचं सांगणं आहे, वेस्ट डर्बी भागातलं कॅस्बा, म्हणजे एका घराच्या तळघरातला त्यांचा सुरुवातीचा क्लब, चुकवू नका. आजचं कॅव्हर्न १९८४ मध्ये पुन्हा उभारलेलं आहे, जुन्या विटा वापरून. मूळ क्लब १९७३ सालीच बंद झाला. कॅस्बाचं तळघर मात्र तेच आहे, जुनंच.

हे घर मोना बेस्ट यांचं. बाई जन्मल्या दिल्लीत, आणि पुढे बीटल्सचा ड्रमर झालेला त्यांचा मुलगा पीट मद्रासमध्ये. १९५४ च्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत मोनाबाईंनी दागिने गहाण टाकून 'नेव्हर से डाय' या घोड्यावर पैसे लावले, तो एकास तेहतीस भावाने जिंकला आणि त्यातून हे घर आलं, असं सांगतात. २९ ऑगस्ट १९५९ ला तळघरात क्लब सुरू झाला. पहिल्या रात्री वाजवणाऱ्या, पुढे बीटल्स झालेल्या जॉन, पॉल आणि जॉर्जने आधी रंगकामालाही हात लावला होता. पॉलने रंगवलेलं इंद्रधनुषी छत आजही डोक्यावर दिसतं. इतक्या बुटक्या, अरुंद खोलीत ही पोरं वाजवायची, हे पाहून माझा तर गळाच दाटून आला होता.

आत जायचं तर आधी बुकिंग करा. वेळ उरला तर वुल्टनचं सेंट पीटर्स चर्च. ६ जुलै १९५७ ला जॉन आणि पॉल तिथेच पहिल्यांदा भेटले.