मोबाईलवर नेमकं कसं शोधायचं? शेतकरी गटाला शिकवायचंय

पांढरं_सोनं (यवतमाळ जिल्हा)
रामराम मंडळी. गटातल्या सगळ्यांजवळ स्मार्टफोन आहे. पण शोधणं म्हणजे माइक दाबून बोलायचं अन् पहिलं येईल ते उघडायचं. सातबारा, कापसाचा भाव, बोंडअळी एवढं तरी बरोबर सापडलं पाहिजे. सुरुवात कुठून करू?

बांधावरचा_गडी
भाऊ, आधी पत्ता वाचायला शिकवा. 'सातबारा' टाकलं की वर 'प्रायोजित' लिहिलेलं काही दिसलं तर ती जाहिरात. खाली सरकारी वाटणाऱ्या नावाच्या खासगी साइटीही असतात. खरा पत्ता भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. 'जीओव्ही डॉट इन' हे साइटच्या नावाच्या अगदी शेवटी पाहिजे. मधातच कुठं 'जीओव्ही' अन् शेवटी 'डॉट कॉम' दिसलं, की मागं फिरायचं.

उघडल्यावर विभाग विचारला तर पहिले तो बरोबर निवडा. यवतमाळ अमरावती विभागात, वर्धा नागपूर विभागात. विभाग चुकला की जिल्हाच यादीत दिसत नाही, अन् लोक म्हणतात साइट बंद आहे! मग जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, मोबाईल नंबर, चित्रातली अक्षरं. हा सातबारा फुकट, पण फक्त पाहण्यापुरता. कामाला लागतो तो डिजिटल सहीचा, त्याचे १५ रुपये.

सरकी_ते_रुई
भावाचं सांगतो. नुसतं 'कापूस भाव' टाकलं तर कधी पन्नास हजारांच्या वरचा आकडा येते. तो खंडीचा, म्हणजे ३५६ किलो रुईचा (सरकी, म्हणजे बी काढलेल्या कापसाचा). आपण विकतो तो सरकीसकट, क्विंटलवर. म्हणून बाजार समितीचं गाव, 'कापूस', 'क्विंटल' असे शब्द टाका. तक्ता उघडला की आधी तारीख, मग आवक पाहा. जास्तीत जास्त दर दोन-चार गाड्यांनाच लागलेला असू शकतो, 'सर्वसाधारण दर' धरा.

'कपाशीवर अळी औषध' म्हटलं की औषध विकणारेच पुढं येतात. 'गुलाबी बोंडअळी' दुहेरी अवतरणात, पुढं 'कामगंध सापळे' (वासानं पतंग ओढून पकडणारे) टाका. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचंच पाहिजे असेल तर शेवटी इंग्रजीत 'साइट', कोलन, अन् त्याला चिकटून पीडीकेव्ही डॉट एसी डॉट इन. कोलननंतर जागा पडली की हे चालत नाही, अन् कीबोर्ड कधीकधी ती आपणहूनच टाकते. सलग ३ रात्री दर सापळ्यात दर रात्री ८ पतंग, ही फवारणीची पातळी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सल्ल्याशी ताडून पाहा. व्हिडिओवाला न मोजताच फवारा म्हणत असेल तर त्याला सोडा.

पांढरं_सोनं
बोलून टाकलं की 'बोंडअळी'चं 'बोंड आली' होतं. त्याचं काय?

बांधावरचा_गडी
कीबोर्डच्या सेटिंगमध्ये बोलून टाइप करायची भाषा 'मराठी (भारत)' आहे का पाहा. तरी चुकलं तर शोधपट्टीत बोट ठेवून तेवढाच शब्द सुधारा, सगळं पुन्हा बोलू नका. अन् एक गोष्ट गटात पक्की सांगा: बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधायचाच नाही, ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. पासबुकावरचा किंवा कार्डामागचा नंबर लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पिकाचं विचारायला किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, फोन फुकट आहे.