मदत हवी आहे: अँटेना पाण्यावर तरंगत ठेवल्याने नेमका काय फरक पडतो?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या सेमिनारला पहिल्या ताऱ्यांच्या काळातला हायड्रोजन हा विषय घेतलाय आणि एका मुद्द्यावर गाडी अडलीये.

हायड्रोजनची २१ सेंमीची रेषा, म्हणजे त्या तरंगलांबीची त्याची रेडिओ लहर, मूळची १४२० मेगाहर्ट्‌झची. विश्व प्रसरण पावत असल्याने त्या काळातली रेषा आपल्यापर्यंत येईस्तोवर १०० मेगाहर्ट्‌झच्याही खाली उतरते. २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्‌झपाशी आकाशाच्या रेडिओ तीव्रतेत (ती तापमानासारखी केल्विनमध्ये मोजतात) अर्ध्या केल्विनचा खळगा, म्हणजे हायड्रोजनने लहरी शोषल्याची खूण, सापडल्याचं जाहीर केलं. नेहमीच्या सिद्धान्तांत बसतो त्याच्या दुपटीहून खोल! २०२२ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या सारस-३ या रेडिओ दुर्बिणीला मात्र तो दिसला नाही. त्यांचा अँटेना कर्नाटकात, दंडिगनहळ्ळीच्या तळ्यावर आणि शरावतीच्या बॅकवॉटरवर तरंगत होता.

आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट हजार केल्विनच्या वर असला तरी वारंवारता वाढेल तसा तो एकसारखा उतरत जातो, म्हणजे वजा करता येतो. मग अँटेनामुळे खोटा खळगा कसा उमटेल? एजेसने तर खाली ३० मीटर लांब-रुंद धातूचं ग्राउंड प्लेन (जमिनीचा परिणाम रोखणारा सपाट थर) अंथरलं होतं. लिंका नंतर द्या, आधी कल्पना समजावून सांगा, प्लीज.

---

प्रतिसाद

गोंगाट एकसारखा उतरतो तो आकाशात. अँटेनातून बाहेर पडताना तो तसाच राहील याची खात्री नाही.

असा अँटेना जवळजवळ सगळं आकाश एकदम ऐकतो, पण दिशेनुसार कमी-जास्त. दिशेनुसारचा हा कल, म्हणजे बीम, ६० ला एक आणि ८० मेगाहर्ट्‌झला दुसरा असला, की आकाशगंगेचा तेजस्वी पट्टा कधी जास्त पकडला जातो, कधी कमी, आणि स्पेक्ट्रममध्ये लाट उमटते. दीड हजार केल्विनमध्ये अर्धा केल्विन म्हणजे तीन हजारांत एक भाग. सिम्युलेशन त्याहून बिनचूक हवं, आणि खरी मेख इथेच आहे.

कारण ग्राउंड प्लेनला कडा असतात आणि त्याखाली जमिनीचे थर. कोरडी माती, ओली माती, खडक, प्रत्येकाकडून थोडी लहर उशिरा परतते आणि त्या उशिराचे चढउतार स्पेक्ट्रममध्ये दिसतात. पाणी एकजिनसी, परावैद्युतांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो तो आकडा) ८० च्या घरात, त्यामुळे हिशोब सुटसुटीत. शिवाय सारसचा शंकूसारखा अँटेना तरंगलांबीच्या मानाने मुद्दाम आखूड आहे. सिग्नल कमी मिळतो, पण बीम पट्टाभर जवळपास तोच राहतो. हा सौदा मला फार मोलाचा वाटतो.

एजेसनेही अँटेनाची दिशा बदलून आणि आकाशगंगा वर असताना-नसताना तपासून पाहिलं होतं, तेही सेमिनारमध्ये जरूर सांगा. सुरुवातीला ६० आणि ८० मेगाहर्ट्‌झच्या बीमचे आलेख शेजारीशेजारी दाखवा, पुढचं सांगणं सोपं जाईल.