अनुभव धागा : दोष नसताना भोगलं, तेव्हा देवाशी काय बोललात?

माझा नवरा बेचाळिसाव्या वर्षी गेला. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर तेरा दिवस माणसांनी भरलेलं आणि येईल ती बाई तेच म्हणायची, 'मागच्या जन्मीचं असतंय गे.' ते एक वाक्य सोडून इथं काहीही लिहा. भरवसा टिकला, तुटला, मध्येच लोंबकळला, सगळं चालेल. रुसलेल्यांनी आधी लिहा.

सदलगा भागातून
2019 चा ऑगस्ट. दूधगंगा रात्री परड्यात शिरली. जनावरांची दावी कापली, आजीला पाठीवर घेतलं आणि निघालो. परत आलो तर मातीच्या दोन भिंती बसलेल्या. पंचनाम्यात मात्र आमचं नाव नाही. ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही त्याचं आहे. बाबा माळकरी. त्या कार्तिकीला पंढरीला गेलेच नाहीत. 'त्याला गरज असंल तर यील की तो.' पुढच्या आषाढीला राग उतरला, जायचं ठरलं, तर 2020 साल, पायी वारीच बंद! बाबा कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, 'आता तो रुसलाय.' संध्याकाळी पडक्या भिंतीपाशी बसून हरिपाठ म्हटला. भिंत अजून तशीच आहे, पत्रा मारलाय.

निपाणीहून
आई बिड्या वळायची. हजार वळल्या तर मुकादम शंभर-दीडशे खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, बिड्याही परत नाहीत. वडील गेल्यावर त्यावरच आम्ही तिघं वाढलो. आई दरसाल मार्गशीर्षात रांडाव पुनवेला, म्हणजे देवी रंडकी होते त्या पुनवेला, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला, म्हणजे रेणुकेला, जाते. लहानपणी मी चिडून विचारलं होतं, 'यल्लम्मानं तुला काय दिलं?' सुपातली पानं कातरता कातरता म्हणाली, 'नदीवरनं यायला उशीर झाला, एवढाच तिचा गुन्हा. नवऱ्यानं सांगितलं आणि पोटच्या लेकानं मुंडकं उडिवलं. वर रंडकीपण आलं. तिला माझं सांगाय लागत न्हाई.' जो देव कधी रडलाच नाही त्याच्याकडं ती गेली नसती, असं मला वाटतं.

वडगाव
कापड विणायचे माग विकले, 2020 नंतर. विश्वास बसत नाही आता. बायकोला सोमवारी कपिलेश्वराला सोडतो, बाहेर गाडीवर बसून राहतो. खोटं कशाला लिहू?

खानापूर तालुका
वडगावकर, आत जाऊन भांडा की. मी भांडलो. पोरगं दवाखान्यात असताना देव्हाऱ्याला पाठ करून निजायचो. पोरगं वाचलं म्हणून सोपं बोलतोय, हेही कळतंय.

धागाकर्ती
निपाणीकर, रांडाव पुनवेला देवीच्या बांगड्या फुटतात आणि माघात अहेव पुनवेला पुन्हा भरतात, म्हणून मी आजवर डोंगरावर गेले नाही. आपल्याला कोण भरणार, असं यायचं मनात. तुमच्या आईला विचारून सांगा, यंदा गाडीत एक जागा आहे का.