मदत हवी आहे : पाच जणांच्या ऑफिससाठी व्हिडिओ मीटिंगला काय वापरावं? (फोंडा – वाळपई – काणकोण)

नमस्कार मंडळी,

फोंड्यात आमचं हिशेब आणि जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. तिघं ऑफिसात बसतो, एक जण वाळपईच्या पुढच्या गावातून घरूनच काम करतो आणि एक ताई काणकोणहून. पूर्वी स्काइपवर भेटायचो. ते 5 मे 2025 ला कायमचं बंद झालं, तेव्हापासून गाडी व्हॉट्सॅपवर चालली आहे. नुसतं बोलायला ते पुरतं. पण 10 तारखेच्या संध्याकाळी (11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची मुदत) आणि पुन्हा 19 ला (20 ला जीएसटीआर-3बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र) टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून एकेक बिल ताडून बघायचं असतं. अशा वेळी वाळपईवाला फोनवर बघत असला की त्याला 3 आणि 8 सारखेच दिसतात. मग शेवटी आकडे तोंडी वाचून दाखवायचे!

त्यात वाळपईकडचा, सत्तरी तालुक्यातला पावसाळा. लाईट गेली की राउटर मेला, मग मोबाइल डेटावर यायचं, आणि रेंज घरातल्या एकाच खिडकीत. दुसरीकडे आमची गिऱ्हाइकं. बहुतेक छोटे हॉटेलवाले आणि दुकानदार, बरेच साठीच्या पुढचे. ‘नवीन ॲप घाला’ म्हटलं की ‘तू फोनच कर गो बाय’ असं उत्तर येतं.

फुकटातलं चालेल का? पैसे भरायचेच तर कशाला? साहेबांना चवथीच्या आधी सांगायचं आहे. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद १

फुकटातल्या मर्यादा आधी बघा. झूमला 40 मिनिटं, 100 जण. गुगल मीटला तिघं किंवा जास्त असाल तर 60 मिनिटं, दोघंच असाल तर 24 तास. मायक्रोसॉफ्ट टीम्सलाही 60 मिनिटं. मीटवर 55 व्या मिनिटाला सूचना येते, वेळ संपली की सगळे बाहेर. तुमची बिलं ताडण्याची मीटिंग 40 मिनिटांत उरकत असेल तर मला तुमच्या ऑफिसात नोकरी द्या.

गिऱ्हाइकांसाठी मात्र डोळे मिटून मीट. अँड्रॉइड फोनमध्ये ते बहुधा आधीपासूनच असतं. लिंक व्हॉट्सॅपवर टाकायची, काका बोट लावतील, संपलं.

प्रतिसाद २

ताई, ॲप बदलून 3 चा 8 व्हायचा थांबणार नाही. सगळे कॅमेरे चालू ठेवून टॅली दाखवत असाल तर आधी कॅमेरे बंद करा. झूमने स्वतःच दिलेले आकडे सांगतो : माणसांचे चेहरे दिसायला साधारण 600 केबीपीएस ते 1 एमबीपीएस (म्हणजे 1000 केबीपीएस) एवढा नेटचा वेग लागतो, तर चेहऱ्यांशिवाय नुसता स्क्रीन दाखवायला 50 ते 75 केबीपीएस, आणि आवाजाला 60 ते 80 केबीपीएस. म्हणजे तुमच्या वाळपईवाल्याच्या खिडकीतल्या रेंजवर आवाज आणि टॅली दोन्ही आरामात जातात. जागा खातात ते चेहरे. सुरुवातीला दोन मिनिटं एकमेकांची तोंडं बघा आणि मग बंद.

टॅली दाखवणाऱ्यानं झूममध्ये ‘ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप’ची खूण काढून टाकायची. ती सिनेमा दाखवण्यासाठी असते, त्यात हालचाल सुरळीत राहते पण बारीक अक्षरं पुसट होतात. अख्खा स्क्रीन न दाखवता फक्त टॅलीची खिडकी दाखवा आणि फोनवाल्याला दोन बोटांनी मोठं करून बघायला सांगा.

आणि स्पीड टेस्ट करताना सगळे डाउनलोडचा आकडा मिरवतात. दाखवणाऱ्याचा अपलोड बघा.

प्रतिसाद ३

जित्सी मीट बघितलंत का? मुक्त स्रोत, फुकट, आणि समोरच्याला ॲपही नको, ब्राउझरमध्ये उघडतं. 2023 पासून मीटिंग सुरू करणाऱ्याला लॉगिन करावं लागतं, बाकीच्यांना नाही. स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं, पण ऑफिसात ते सांभाळणारा माणूस नसेल तर त्या फंदात पडू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कॅमेऱ्याचं आजच करून बघते. अजून एक राहिलं : नवीन मुलगी रुजू होतेय, तिला शिकवायला रेकॉर्डिंग हवं. आणि पैसे भरायचे तर पाच जणांचे भरावे लागतील का?

प्रतिसाद २

नाही हो! झूममध्ये लायसन्स मीटिंग सुरू करणाऱ्याला लागतं, येणाऱ्यांना नाही. ऑफिसच्या नावावर एकच घ्या, 40 मिनिटांची कटकट गेली. एका वेळी दोन वेगळ्या मीटिंगा चालवायची सवय असेल तरच दुसरं.

रेकॉर्डिंग फुकटच्या मीटमध्ये होत नाही. फुकटच्या झूममध्ये होतं, फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. पण गिऱ्हाइकांचे पॅन आणि बँक खाती उघडी असलेली फाइल व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरवू नका. शिकवायला टॅलीत एक खोटी कंपनी काढा आणि त्यावरच रेकॉर्ड करा. वेटिंग रूमही चालू ठेवा, लिंक पुढे कुणाला पाठवली गेली तरी परका माणूस आत येणार नाही.

प्रतिसाद १

लाईटचं कुणी बोललंच नाही. राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो, हातात मावेल एवढा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत. नुसता राउटर चालू ठेवून नेट येत नाही. घेण्याआधी ॲडॅप्टरवर व्होल्ट किती लिहिलेत ते बघा, बरेचसे 12 चे असतात, काही 9 चे.

धागाकर्ती

ठरलं मग. ऑफिसला झूमचं एक लायसन्स, गिऱ्हाइकांना मीट. वाळपईवाल्याला विचारलं, डबा आणि राउटर वेगळेच आहेत, एक 12 चा आणि एक 9 चा. दोन्ही एकाच यूपीएसवर चालतील असा कुणी वापरलाय का? फोंड्यात किंवा म्हापशात कुठल्या दुकानात मिळतो ते सांगा.