मदत हवी आहे : नोकरी सांभाळून लोकप्रशासनात एम. ए. करायचंय, दूरस्थ की ऑनलाइन?

तासगावची लेक

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. बी. ए. मराठी माध्यमातून झालंय. आता लोकप्रशासनात एम. ए. करायचंय, नोकरी न सोडता. इग्नू, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि एखाद्या विद्यापीठाची पूर्ण ऑनलाइन पदवी, यांतलं काय घ्यावं? पदवी बढतीला, स्पर्धा परीक्षेला ग्राह्य धरतात का? आठवड्याला किती तास काढावे लागतील? सांगलीत एका क्लासवाल्यांनी "प्रवेश, असाइनमेंट, परीक्षा सगळं आम्ही बघतो" असं सांगितलंय. तिकडं जावं का?

कृष्णाकाठ

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तिकडं जाऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाची फ्रँचायझी देताच येत नाही. प्रवेश आणि फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवरच होते. तुमच्या वतीनं दुसऱ्याच कुणी लॉगिन केलं, त्यात त्याचा मोबाइल नंबर टाकला, की पुढचे सगळे ओटीपी आणि हॉलतिकीट त्याच्या हातात.

ग्राह्यतेचं म्हणाल, तर मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगानं तशी जाहीर सूचनाच काढली. पण नुसती विद्यापीठाला मान्यता असून भागत नाही. तो विषय, ते वर्ष आणि ती पद्धत, तिन्हीला मान्यता हवी. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव उघडून त्या वर्षाच्या यादीत तुमचा विषय पाहा आणि त्या पानाची प्रत तारखेसह जपून ठेवा. पुढं कागदपत्र पडताळणीत हाच कागद कामी येतो.

2024 पासून प्रवेशाआधी डीईबी आयडी लागतो आणि तो एबीसी आयडीवरून (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचं क्रेडिटचं डिजिटल खातं) निघतो. इथं बऱ्याच जणींचं अडतं ते नावावरून : आधारवर सासरचं नाव, बी. ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं. राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत हाताशी ठेवा आणि प्रवेश सुरू होण्याच्या महिनाभर आधी आयडी काढून घ्या. शेवटच्या आठवड्यात पोर्टल रखडतं.

आता भाषा. माझ्या मते निवड इथंच ठरते. इग्नूचं साहित्य आणि परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत, मराठीत नाही. मराठीतूनच लिहायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पाहा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचं राज्यशास्त्रही जवळचा विषय आहे. लोकप्रशासनच हवं आणि हिंदी वाचायला जड जात नसेल, तर इग्नू. हिंदी माध्यम कमीपणाचं नाही. पारिभाषिक शब्द निम्मे तरी आपलेच आहेत : विकेंद्रीकरण, नोकरशाही, उत्तरदायित्व.

सज्जनगड

तासांचा हिशोब मांडते. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. एमपीएच्या, म्हणजे तिथल्या लोकप्रशासनाच्या एम. ए.च्या, पहिल्या वर्षाचा एक पेपर 8 क्रेडिटचा, म्हणजे 240 तास. वर्षाला चार पेपर धरले तर 960 तास, आठवड्याला अठरा-एकोणीस. ऑफिस करून संध्याकाळी दीड तास असे चार दिवस आणि शनिवार-रविवारी तीन-तीन तास काढले, तरी बारा होतात. तेव्हा दोन वर्षांचा हट्ट सोडा. कमाल मुदत चार वर्षांची असते, तुम्ही तीन धरून चाला. पहिल्या वर्षाचे दोन पेपर जूनला द्या, दोन डिसेंबरला.

पंचायत समितीत असाल तर कॅलेंडर आधी भिंतीवर लावा. जूनच्या परीक्षेसाठी असाइनमेंट साधारण मार्च-एप्रिलमध्ये द्यायच्या असतात, म्हणजे नेमक्या मार्चअखेरीच्या बिलांच्या गर्दीत. त्या जानेवारी-फेब्रुवारीतच लिहून संपवा. डिसेंबरच्या असाइनमेंट सप्टेंबर-ऑक्टोबरला, तेव्हा 2 ऑक्टोबरची ग्रामसभा आणि विकास आराखड्याची धावपळ असते. कृष्णाकाठच्या गावांशी काम असेल तर जुलै-ऑगस्टवर अभ्यासाचा भरवसा ठेवू नका. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तशा दिवसांत पुस्तक कोण उघडणार? मुदतवाढ बहुतेक वेळा मिळते, पण तिच्यावर विसंबून राहू नका.

असाइनमेंटला 30 टक्के भार, सत्रांत परीक्षेला 70. त्या चालू सत्राच्याच प्रश्नपत्रिकेवर लिहायच्या. मागल्या वर्षीच्या प्रश्नांची उत्तरं दिली की परत येतात. हातानं, ए-फोर कागदावर. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, पेपरचा कोड आणि अभ्यास केंद्राचा कोड. सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय केंद्रातून हलू नका. गुण चढले नाहीत तर त्या पोचेखेरीज दाद मागायला काही उरत नाही.

मुलं सर्वांत जास्त फसतात ती पुनर्नोंदणीत. पहिल्या वर्षाचा निकाल लागला असो वा नसो, दुसऱ्या वर्षासाठी फॉर्म भरून फी भरावीच लागते. "निकाल लागल्यावर बघू" म्हणणाऱ्याचं सत्र हातचं जातं. परीक्षेचा फॉर्मही वेगळा, पेपरगणिक फीचा. तो लवकर भरला तर जवळचं केंद्र मिळण्याची शक्यता जास्त.

तासगावची लेक

मनापासून आभार, दोघांचेही. हिंदी वाचायला जड जात नाही, म्हणजे इग्नूच. ऑफिसच्या परवानगीचं कसं? आणि आम्ही रोज पंचायत राजच जगतो, तर विकेंद्रीकरणाचा पेपर सोपा जाईल ना?

माणदेशी

परवानगी प्रवेशाआधीच घ्या, नंतर नको. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागाकडं जातो. अर्जात अभ्यासक्रम, दूरस्थ पद्धत, परीक्षेचे महिने, परीक्षेची रजा स्वतःच्या खात्यावरची घेणार आणि कामात खंड पडू देणार नाही, एवढं लिहा. आवक क्रमांकाची प्रत ठेवा. पदवी मिळाली की सेवापुस्तकात नोंद करून घ्या, नाहीतर बढतीच्या वेळी ती कागदावर नसतेच.

पेपरचं मात्र उलटं होतं. काम करणारी माणसं उत्तरात कार्यपद्धती लिहून बसतात : ठराव झाला, प्रस्ताव गेला, निधी आला. परीक्षकाला हवी असते कारणमीमांसा. तुमच्या विकेंद्रीकरणाच्या पेपरचं, एमपीए-016 चंच घ्या. 1957 च्या बलवंतराय मेहता समितीनं कारभाराची मुख्य सत्ता गटपातळीवर ठेवायला सांगितली होती. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीनं जिल्हा परिषद बलवान केली, 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. हा फरक का पडला, त्यानं तुमच्या पंचायत समितीला आज कोणते अधिकार आहेत आणि कोणते नाहीत, हे लिहिलंत तर उत्तर उठून दिसतं. त्याला जोड 73 व्या घटनादुरुस्तीची : कलम 243-जी, अकराव्या अनुसूचीतले 29 विषय. त्यातला एखादा विषय, समजा पाणीपुरवठा, घ्या आणि निधी, कर्मचारी व निर्णयाचा अधिकार या तिन्हींपैकी ग्रामपंचायतीकडं खरोखर काय आलं ते तपासा. इथं तुमचा रोजचा अनुभव सोन्यासारखा आहे, पण चौकटीत बसवून.

पाच प्रश्न, प्रत्येकी साधारण 400 शब्द, दोन्ही विभागांतून किमान दोन. परीक्षेआधी महिनाभर घड्याळ लावून हातानं लिहायचा सराव करा. टायपिंगची सवय झालेला हात तिसऱ्या उत्तराला दुखायला लागतो.

कृष्णाकाठ

दुसऱ्या वर्षी प्रकल्प घ्यायचा विचार असेल तर एक सांगतो : विषय लहान ठेवा. "सांगली जिल्ह्यातील ई-प्रशासन" असा नको. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ग्रामपंचायतीतून मिळणारे दाखले, तालुक्यातली दहा गावं आणि एका वर्षाची अर्ज नोंदवही, एवढं पुरे. अर्ज कधी आला, दाखला कधी दिला, मुदत किती होती, असे तीन रकाने काढले की विश्लेषण हाताशी येतं. नोंदवही वापरण्याची लेखी परवानगी आधी घ्या आणि अर्जदारांची नावं गाळा. आराखडा आणि मार्गदर्शकांच्या सहीचा बायोडेटा मंजूर झाल्याशिवाय गावोगाव फिरायला लागू नका. विषय बदलायला सांगितला तर केलेलं सगळं काम वाया जातं.