नवशिक्याला पहिली भाषा म्हणून सी शिकवणं बंद करा

कोरी_फाईल (धागाकर्ता)

"प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, सुरुवात कशाने करू?" असं कुणी विचारलं की एक उत्तर हमखास येतं: "आधी सी कर, पाया पक्का होतो." हे मला अजिबात पटत नाही.

नवशिका सुरुवातीला जे काही लिहितो त्यातलं बहुतेक चुकतं. त्यामुळे पहिली भाषा निवडताना बघायचं ते एवढंच की चुकल्यावर ती काय करते. पायथन या भाषेत पाच आकड्यांच्या लिस्टमधला (यादीतला) सहावा मागितला की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो, ओळ क्रमांक सांगतो, इंडेक्स (जागेचा क्रमांक) चुकलाय म्हणतो. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून तर कोणता कंस उघडा राहिलाय तेही दाखवतो. सीमध्ये पाचाच्या अ‍ॅरेत (सीमधली यादी) सहाव्या जागी खुशाल लिहा. कधी प्रोग्रॅम कोसळेल, कधी शेजारच्या व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या नावाची) किंमत बदलेल, आणि पुष्कळदा काहीच होणार नाही. यातलं तिसरं सगळ्यात वाईट, कारण पोरगं समजतं आपलं बरोबर आहे.

यात सीचा दोष नाही. डेनिस रिची यांनी ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवली आणि युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यात लिहिली गेली. वापरणारे मशीन कोळून प्यायलेले लोक होते. शिकणाऱ्यांसाठी म्हणून मुद्दाम केलेल्या भाषा वेगळ्या: १९६४ ची बेसिक, १९७० ची पास्कल. पायथन (१९९१) करणारे गिडो व्हान रोसम त्याआधी एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होते, तीही शिकवण्याचा विचार करून बनवलेली. म्हणजे हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर डोकं चालवलेली माणसंही होती.

एक विनंती. गाडी शिकायला इंजिन उघडावं लागतं की नाही, ही उपमा कृपया कुणी आणू नका. ती दोन्ही बाजूंनी तितकीच चालते.

पॉइंटरबुवा

साफ असहमत. चूक लगेच दाखवली म्हणजे ती समजली असं नव्हे.

सीमध्ये १३ चं फॅक्टोरिअल (१ ते १३ चा गुणाकार) इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारात, काढायला लावा. खरं उत्तर ६२२७०२०८००, पडद्यावर येतं १९३२०५३५०४. का? तर आजच्या बहुतेक मशीनवर इंट म्हणजे ३२ बिट, ० किंवा १ च्या ३२ जागा. २१४७४८३६४७ च्या वर त्यात काही मावत नाही. आकड्यालाही जागा लागते हे त्या दिवशी डोक्यात शिरतं ते कायमचं. पायथन हवा तेवढा मोठा पूर्णांक गपचूप सांभाळतो, म्हणून त्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्नच पडत नाही.

कोरी_फाईल

बुवा, तुमच्या विद्यार्थ्यालाही तो पडत नाही, गोम तिथेच आहे. १२ पर्यंत उत्तर बरोबर आलं. १३ ला एरर नाही, उणे चिन्ह नाही, चांगला दहा आकडी भारदस्त आकडा. १३ च्या फॅक्टोरिअलच्या शेवटी दोन शून्यं असायलाच हवीत, मग हा ०४ वर कसा संपला, असं ज्याला वाटतं तो नवशिका नाही. बाकीचे वहीत उतरवून पुढे जातात. शेजारी उभं राहून दाखवणारा गुरुजी असेल तर तुमचं उदाहरण एक नंबर. एकट्याने शिकणाऱ्याकडे तो नसतो.

पॉइंटरबुवा

आणि पायथनवाल्यांची सुटका होते म्हणता? डेटाचं काम करायला नमपाय (आकडेमोडीची पायथन लायब्ररी) उघडलं की तिथे ६४ बिटांचे पूर्णांक. २१ चं फॅक्टोरिअल त्यात काढा, चक्क उणे येतं, आणि तेही एररशिवाय. म्हणजे तोच खड्डा, फक्त सहा महिने पुढे, आणि तोवर "पायथनमध्ये असं होत नाही" ही समजूत घट्ट बसलेली.

दुसरं घ्या. 'क' ही लिस्ट, तीत १, २, ३. मग लिहिलं 'ख बरोबर क'. 'ख'मध्ये ४ टाकला. आता 'क' छापा, तिथेही ४! दोन नावं, वस्तू एकच. सीमध्ये एक अ‍ॅरे दुसऱ्यात सरळ टाकायला जा, कंपायलर (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा) दारातच अडवतो. चुकल्यावर भाषा काय करते हीच तुमची कसोटी ना? मग इथे बोंब कोण मारतंय आणि गप्प कोण बसलंय?

रिकामी_ओळ

लिस्टच्या मुद्द्यावर बुवांना +१. त्यावर भलेभले आपटतात.

पण सी मशीन उघडं करून दाखवते आणि पायथन झाकते, हे सरसकट खरं नाही. ०.१ आणि ०.२ ची बेरीज घ्या. पायथन तोंडावर फेकतो ०.३०००००००००००००००४. सीमध्ये प्रिंटएफला (छापणाऱ्या फंक्शनला) नेहमीचं 'पर्सेंट एफ' दिलं की सहाच दशांश स्थळं छापली जातात, ०.३००००० दिसतं आणि सगळे खूश. आतली गडबड दोन्हीकडे तीच, बायनरीत (० आणि १ च्या पद्धतीत) ०.१ नेमका बसतच नाही.

शिवाय सीवर हात बसलेल्यांचीही त्रेधा उडायचीच. ओळ वाचणारं 'गेट्स' हे फंक्शन येणारा मजकूर किती लांब आहे हे तपासतच नसे. १९८८ च्या मॉरिस वर्ममागे (इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्रॅम) तेही एक कारण होतं, आणि २०११ च्या प्रमाणित सीमधून ते काढूनच टाकलं. ही जबाबदारी पहिल्याच महिन्यात कुणाच्या गळ्यात का मारायची?

जावाकर

आमच्या जावाकडे कुणी बघतच नाही. :) नुसतं नाव छापायला 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन'चा मंत्र म्हणायला लावतो म्हणून हसायचे सगळे. २०२५ च्या जावा २५ मध्ये ती सक्ती गेली. उशिरा का होईना. बाकी चालू द्या.

उगीचच

अहो, हे सगळं कशाला? एआयला सांगा, तो लिहून देतो. सी काय, पायथन काय. २०२५ नंतर सिंटॅक्स (भाषेचे लिहिण्याचे नियम) पाठ करणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

रिकामी_ओळ

आणि त्याने दिलेल्या प्रोग्रॅमने १९३२०५३५०४ छापलं तर? तुम्ही ते पुढे पाठवून मोकळे.

उगीचच

तपासायलाही त्यालाच सांगायचं.

पॉइंटरबुवा

दंडवत.

नवखी

इतका वेळ नुसती वाचत होते. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्याच्या कितीतरी अलीकडे मी अडकलेय. पायथनचे व्हिडिओ बघितले, बघताना सगळं कळतं. रिकामी फाईल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. मग वाटतं भाषाच चुकली, दुसरी धरावी.

पॉइंटरबुवा

ताई, भाषा बदलू नका. हे मी सांगतोय म्हणजे बघा! सीमध्येही फाईल रिकामीच असते. व्हिडिओ बघताना विचार तो माणूस करत असतो, आपण फक्त मान डोलावतो. काल बघितलेला छोटा प्रोग्रॅम आज न बघता लिहा. चालवायच्या आधी काय छापलं जाईल ते कागदावर लिहून ठेवा आणि मग चालवा. जिथे दोन्ही जुळत नाही, तेवढंच शिकायचं राहिलंय.

कोरी_फाईल

बुवांशी सहमत व्हायची वेळ आली. आणि विषय स्वतःचा घ्या, अगदी फालतू चालेल. वय विचारायचं आणि पुढच्या वर्षी किती होईल ते सांगायचं. एवढंच.

नवखी

केलं. इनपुटने वय घेतलं, त्यात १ मिळवला. लालभडक मजकूर आला, घाबरून बंद केलं.

कोरी_फाईल

परत चालवा आणि सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. टाइपएरर असेल. स्ट्रिंगला (मजकुराला) फक्त स्ट्रिंगच जोडता येते, इंट नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल. इनपुट जे देतं ते नेहमी मजकूर असतं, तुम्ही २० टाइप केलं तरी. म्हणजे त्याच्या लेखी ते एक 'दोन' आणि एक 'शून्य' अशी अक्षरं आहेत. बेरजेआधी त्याचं इंट करून घ्या.

पॉइंटरबुवा

बघा, शेवटी टाइपपाशीच (प्रकारापाशीच) आलात. सीमध्ये पहिल्याच ओळीत 'हा इंट आहे' असं लिहावं लागतं, म्हणून हा गोंधळच होत नाही.

नवखी

चाललं! २१ आलं. मग गंमत म्हणून आकड्याऐवजी 'वीस' असं अक्षरी लिहिलं तर पुन्हा लाल. आता व्हॅल्यूएरर म्हणतोय. हा वेगळा आहे ना?

कोरी_फाईल

वेगळा. मघाशी प्रकार चुकला होता, आता प्रकार चालेल पण त्या अक्षरांतून आकडा काढता येत नाही. दोन्ही एररमधला फरक तुम्ही आपणहून टिपलात, त्यामुळे भाषा बदलायचा विचार आता सोडा.

पॉइंटरबुवा

हाच 'वीस' सीमध्ये स्कॅनएफला (सीमधलं वाचणारं फंक्शन) देऊन बघा ताई, आणि काय येतं ते इथे लिहा.

कोरी_फाईल

मीच सांगतो. एरर येणार नाही. स्कॅनएफ काही न वाचता परत येईल, व्हेरिएबलमध्ये आधीपासून जो कचरा पडला असेल त्यात एक मिळवून तो छापला जाईल. मी वर पहिल्या परिच्छेदापासून दुसरं काय म्हणतोय?

पॉइंटरबुवा

काही न वाचता परत येताना तो शून्य घेऊन येतो, 'एकही आकडा वाचला नाही' म्हणून. तो शून्य बघायची सवय तुमच्या पायथनवाल्यांना कधी लागणार, ते सांगा.